लोकलच्या डोक्यावर मॉल : सीवूड्सचं प्रकरण, परळच्या माणसाच्या नजरेतून

मी मूळचा परळचा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, आणि आमच्या घरापुरता तो संप कधी मिटलाच नाही, शेवटी चाळीतली खोली विकून आम्ही नवी मुंबईत नेरुळला आलो. आज मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे आणि ऑफिस कुठंय तर लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. रोज सकाळी नेरुळशेजारच्या सीवूड्सला लोकल पकडतो, कुर्ल्याला उतरून स्लो पकडतो, परळला उतरतो आणि पूल ओलांडून चालत ऑफिस.

म्हणजे दिवसातून दोनदा मी दोन उलट्या प्रयोगांमधून जातो. परळला टॉवर आधी झाले, स्टेशनाचा विचार मागे राहिला. सीवूड्सला स्टेशन आणि इमारत एकाच कागदावर काढली, इमारत थेट रुळांच्या डोक्यावर. मला लिहायचंय ते सीवूड्सबद्दल, पण परळ डोळ्यासमोर असल्याशिवाय सीवूड्सला काय साधलं आणि काय नाही साधलं ते कळत नाही, म्हणून आधी परळ.

गिरण्यांच्या जमिनी विकसित करायचा रस्ता १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ नं उघडला. ढोबळ कल्पना अशी की जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ ला त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली, शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून बाहेर गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. मग काचेचे टॉवर आले, मॉल आले, हजारो लोक रोज सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोडला उतरायला लागले, आणि उतरून चढायचे ते त्याच जुन्या अरुंद पुलावर. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाऊस आला, खाली जाणारे थांबले, मागून लोकल रिकाम्या होत राहिल्या, आणि त्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. त्यानंतर लष्करानं पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरूही झाला. इतक्या वर्षांत जो पूल झाला नाही तो काही महिन्यांत झाला.

त्या परिसरात पैसा नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही, धाडसी आर्किटेक्चर नव्हतं असंही नाही, स्कायलाईन बघा. नव्हतं ते टॉवरच्या लिफ्टपासून फलाटापर्यंतचं मधलं अंतर, ते कुणाच्याच नकाशात नव्हतं. सीवूड्स मी या नजरेनं बघतो.

आता खाडीपलीकडं. नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा आर्किटेक्ट-इंजिनीअरांनी मांडली, १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. पण रेल्वे यायला बावीस वर्षं गेली. मानखुर्द-वाशी रेल्वे ९ मे १९९२ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी नेरुळ आणि बेलापूर, १९९८ ला पनवेल. आणि ही रेल्वे रेल्वेनं एकटीनं नाही बांधली, खर्चाचे ६७ टक्के सिडकोचे आणि ३३ टक्के रेल्वेचे असं ठरलं होतं, तिकिटावर अधिभारही होता. हा आकडा या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे. मुंबईत रेल्वेची जमीन रेल्वेची, रस्ता पालिकेचा, बाजूचा प्लॉट कुणा तिसऱ्याचा, त्यामुळं स्टेशनवर काही बांधायचं म्हटलं की आधी दहा वर्षं पत्रव्यवहार. इथं जमीन, आराखडा आणि रेल्वेतला मोठा वाटा एकाच संस्थेकडं होता, आणि खर्च भरून काढायचा तर स्टेशनच्या वरची आणि बाजूची जागा विकणं किंवा भाड्यानं देणं हा तिच्याकडचा सरळ मार्ग होता. हाँगकाँगची एमटीआर ही मेट्रो कंपनी बऱ्याच वर्षांपासून हेच करते, रेल्वे टाकायची आणि स्टेशनवरच्या घरांतून, दुकानांतून तिचा खर्च काढायचा.

म्हणून वाशी, बेलापूर अशी पहिली स्टेशनं बांधतानाच त्यांच्यावर ऑफिसं आणि गाळे धरून बांधली. आम्ही नव्यानं इकडं आलो तेव्हा आईला ही स्टेशनं विमानतळासारखी वाटायची, एवढी मोठी, एवढी उंच, आणि गर्दी मात्र नाही. वाशीच्या डोक्यावर इन्फोटेक पार्क झालं आणि ते चाललं. काही ठिकाणी मात्र गाळ्यांची शटर मी वर्षानुवर्षं बंदच बघितलीत, वरच्या मजल्यावर कबुतरं आणि खाली लोकल. बांधकाम साधारण एकाच पद्धतीचं, मग फरक का? माझं मत असं की वाशीला रेल्वे यायच्या आधीपासून खाडीपूल होता, बस होत्या, बाजार समिती तिकडं सरकत होती, सेक्टर १७ चा बाजार उभा राहत होता, स्टेशनवरच्या इमारतीला खालून माणसं मिळाली. बाकीच्या ठिकाणी इमारत आधी आली आणि तिनं माणसं ओढून आणावीत अशी अपेक्षा होती. इमारत एकटी तेवढं ओढत नाही.

सीवूड्स दारावे ही पुढची पिढी. दारावे आणि करावे ही तिथली मूळ गावं, आगरी-कोळी लोकांची, त्यांच्या शेतांवर आणि मिठागरांच्या पट्ट्यावर हे सेक्टर बसलेत. एका बाजूला सायन-पनवेल हायवे, दुसऱ्या बाजूला पाम बीच रोड आणि खाडी, मधून रूळ. स्टेशनच्या आजूबाजूला बराच काळ नुसतं गवत होतं, संध्याकाळी उतरलं की रिक्षा मिळेपर्यंत लोक घोळक्यानं उभे राहायचे, बायका तर एकट्या निघायच्याच नाहीत. या जागेसाठी सिडकोनं टेंडर काढलं आणि २००८ मध्ये एल अँड टी नं ते १,८०९ कोटी रुपयांना घेतलं. सुमारे १६ हेक्टर जागा, म्हणजे ४० एकर, आणि अट अशी की स्टेशन, मॉल, ऑफिसं सगळं मिळून एक संकुल करायचं. त्याच वर्षी जगभर मंदी आली. मॉल उघडला २०१७ मध्ये, म्हणजे टेंडरपासून नऊ वर्षांनी. सुमारे १० लाख चौरस फुटांचा मॉल, बाजूला ऑफिसांचे आणि घरांचे टॉवर, आणि या सगळ्याच्या पोटातून पनवेलची लोकल जाते. पुढं २०१८ मध्ये मॉल ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडं गेला, आता नेक्सस नावानं चालतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात उरण मार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये गाडी थेट उरणला पोचली, त्यामुळं सीवूड्स नुसतं मधलं स्टेशन राहिलं नाही, गाडी बदलायचं ठिकाण झालं.

आता जरा माझ्या धंद्यातलं बोलतो, कारण लोकांना वाटतं रुळांच्या वरची जागा म्हणजे फुकटची जागा, नुसता स्लॅब टाकायचा. तसं नाहीये. कॉलम कुठं उभा करायचा हे तुम्ही ठरवत नाही, रूळ ठरवतात. दोन रुळांच्या मधे जागा असेल तिथं किंवा फलाटावर, आणि फलाटावर कॉलम आला की तेवढी चालायची रुंदी गेली, गाडी आली की त्याच कॉलमला लोक आपटतात. कॉलम कमी करायचे तर गर्डर, म्हणजे कॉलमवर टेकणारी तुळई, लांब, गर्डर लांब तर खोल, खोल तर महाग. आमच्या हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ पासून २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आहे, त्या वायरच्या वर सुरक्षित अंतर सोडायचं तर रुळापासून स्लॅबच्या तळापर्यंत साडेसहा मीटरच्या आसपास उंची मोकळी लागते. त्यात गर्डरची खोली मिळवा. म्हणजे तुमचा "पहिला मजला" खरं तर दोन-अडीच मजल्यांवर सुरू होतो आणि फलाटावरच्या प्रत्येक माणसाला तेवढं चढवून न्यायची जबाबदारी डिझाइनरवर येते, सरकते जिने, लिफ्ट, रुंद जिने सगळं त्यातून आलं. खाली गाडी चालू ठेवून वर काम करायचं असेल तर रात्रीचे दोन-तीन तास नाहीतर रविवारचा ब्लॉक, तेवढ्यात गर्डर उचलून बसवायचा. गाडीचा हादरा वर दुकानात जाणवू नये म्हणून वेगळी व्यवस्था, गाडी घसरून कॉलमवर आदळली तर इमारत उभी राहावी म्हणून वेगळा हिशोब, आणि आग लागली तर धूर जाणार कुठं, कारण वरून झाकलेलं स्टेशन म्हणजे बोगदाच, बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून लांब असते. शिवाय आपला पाऊस. एवढ्या मोठ्या छतावर पडलेलं पाणी रुळांवर न येता बाहेर काढायचं.

हे सगळं करून कुणी इमारत उभी केली तर मला तिचा आदर वाटतो, तिची काच कुठल्या रंगाची आहे हा मुद्दा माझ्यासाठी नंतरचा. सीवूड्सचं धाडस दर्शनी भागात नाहीये. बाहेरून ती एक मोठी, रुंद, नेहमीसारखी व्यापारी इमारत आहे. धाडस आहे ते उभ्या छेदात. नकाशा उभा कापून बघितला तर खाली रूळ, मधे येण्याजाण्याचा मजला, वर दुकानं, बाजूला ऑफिसं, असा छेद मुंबईच्या लोकल मार्गावर दुसरा पटकन आठवत नाही.

वस्तीला काय मिळालं? पहिली गोष्ट, उजेड आणि माणसं. रात्री दहाला उतरलं तरी आता आजूबाजूला चहलपहल असते, माझी बायको उशिरा येते तेव्हा मी पूर्वीसारखा स्टेशनवर घ्यायला जात नाही, ती स्वतःच नको म्हणते. हे मी सगळ्यात वर धरतो, कारण वस्ती जिवंत झाली की नाही हे मॉलच्या विक्रीवरून नाही कळत, एकटी बाई किती वाजता निर्धास्त चालते यावरून कळतं. दुसरी गोष्ट, उलटी गर्दी. मी सकाळी मुंबईकडं जायला चढतो तेव्हा समोरच्या गाडीतून गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं घातलेली मुलं उतरत असतात, कुर्ला-चेंबूरकडून इकडं नोकरीला येणारी. आयुष्यभर आपण बघितलं की सकाळी सगळी मुंबई दक्षिणेला वाहते आणि संध्याकाळी परत, त्यामुळं निम्म्या गाड्या खच्चून आणि निम्म्या रिकाम्या. नवी मुंबई मुळात काढली ती हा प्रवाह फिरवायला, आणि तो फिरतोय हे एका फलाटावर उभं राहून दिसतं, थोडासाच, पण दिसतं. तिसरं म्हणजे पावसात कोरडं राहून घराच्या दिशेच्या दारापर्यंत जाता येतं, छोटी गोष्ट वाटेल, पण ज्यांनी जुलैमध्ये परळचा पूल चढलाय त्यांना विचारा.

आता जे साधलं नाही त्याकडं येतो. इमारतीच्या आत सगळं जुळलंय, बाहेर पडलं की तीनशे मीटरमध्ये परत परळ सुरू होतं. मॉलला येणाऱ्या गाड्या, रिक्षा, बस आणि पायी माणूस सगळे एकाच तोंडाशी, फूटपाथ मधेच संपतो, शनिवार-रविवारी तर लोकलमधून उतरलेला माणूस मोटारींमधून वाट काढतो. स्टेशनच्या डोक्यावरच्या इमारतीला एवढं पार्किंग का लागतं हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलाय. आपल्या नियमांत स्टेशनजवळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं बांधकामाची परवानगी, जास्त द्यायचं धोरण आलं, मेट्रोच्या आजूबाजूला ५०० मीटरपर्यंत टीओडी, म्हणजे स्थानकाला धरून विकास, म्हणून ते मिळतं, पण जास्त मजल्यांबरोबर जास्त गाड्याही येणार असतील तर स्टेशनजवळ बांधून उपयोग काय.

दुसरा मुद्दा मालकीचा आणि घड्याळाचा. मॉल रात्री बंद होतो, लोकल मध्यरात्रीनंतरही चालते. दिवसा जो सोपा, वातानुकूलित, सरकत्या जिन्यांचा रस्ता असतो तो रात्री नसतो, मग बाहेरून वळसा. स्टेशन बंद नसतं, रेल्वेचा रस्ता उघडा असतो, हे मान्य, पण सगळ्यात चांगला रस्ता नेमका त्या वेळी बंद असतो जेव्हा थकलेल्या माणसाला तो हवा असतो. आणि दुरुस्तीचं तर विचारूच नका. हार्बरवरच्याच एका स्टेशनवर, नाव घेत नाही, आईला घेऊन गेलो होतो, तिचे गुडघे गेलेत, लिफ्ट बंद. एका खिडकीवर म्हणाले ही आमची नाही, वरच्या ऑफिसात जा, वरच्या ऑफिसात म्हणाले देखभाल दुसऱ्यांकडं आहे, अर्ज द्या. आई पायऱ्या चढली, प्रत्येक पायरीवर थांबून, आणि वर पोचल्यावर म्हणाली, "अरे, परळला निदान पायऱ्या आहेत हे आधीच माहीत असायचं." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. रुळांवर एक संस्था, स्लॅबवर दुसरी, रस्त्यावर तिसरी, आणि जिना ज्या ठिकाणी एकाकडून दुसऱ्याकडं जातो तिथंच तो तुटतो. या कामातले लोक "इंटरफेस" म्हणतात तो हाच, नकाशात एक तुटक रेषा, आणि प्रत्यक्षात त्या रेषेवर म्हातारी माणसं उभी.

तिसरा मुद्दा लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं कारण मीही बाहेरून येऊन इथं घर घेतलेला माणूस आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. स्टेशनच्या पाटीवर दारावे हे नाव आहे. संकुलाच्या आत मात्र दारावेच्या माणसासाठी काय आहे? गावातल्या ओळखीच्या एका काकांशी बोलत होतो, त्यांचा मुलगा मॉलमध्येच नोकरीला आहे, त्याचा त्यांना आनंद आहे, पण त्यांची बहीण म्हावरं विकते ती आधी उतरणाऱ्या लोकांच्या वाटेवर बसायची, आता उतरणारी माणसं वरच्या वर जातात आणि तिच्यापर्यंत येतच नाहीत. काकांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांनी नुसतं सांगितलं. एका चांगल्या डिझाइनचा हा परिणाम आहे हे मला मान्य करावं लागतं. लोकांना कोरडं, सोपं, वरच्या वर नेलं की खालचा बाजार सुकतो. फलाटातून वर येण्याच्या मजल्यावर पाच फुटांचे, कमी भाड्याचे ओटे गावच्या बायकांसाठी ठेवले असते तर ना दहा लाख चौरस फुटांना धक्का लागला असता ना त्या टेंडरला. पण ते टेंडरच्या कागदातच यायला हवं होतं. १,८०९ कोटी ही प्लॉटची किंमत होती, परिसर त्यात कुठं धरलेला नव्हता. एकदा पैसे भरून जागा दिली की नंतर विनंती करता येते, हक्कानं मागता येत नाही.

तरीही मला कुणी विचारलं सीवूड्स की परळ, तर मी सीवूड्स म्हणेन, एका दमात. त्रुटी सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत, फूटपाथ रुंद करता येतो, दार उशिरापर्यंत उघडं ठेवता येतं, ओटे मांडता येतात. परळला टॉवर हलवता येत नाहीत.

आणि हे आत्ता लिहायचं कारण मुंबईत हे येतंय. मुंबई रेल्वे विकास महामंडळ, म्हणजे एमआरव्हीसी, अनेक स्टेशनांवर रुळांच्या वर डेक बांधतेय, आणि सीएसएमटीच्या पुनर्विकासाला सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी दिल्ली आणि अहमदाबादबरोबर मंजुरी दिली, तिन्ही मिळून सुमारे १०,००० कोटी. सीएसएमटीची जुनी इमारत २००४ पासून जागतिक वारसा, तिला हात लागणार नाही, लागूही नये. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या आर्किटेक्टनं १८७८ मध्ये तिचं बांधकाम सुरू केलं तेव्हा तीही धाडसीच होती, आणि पुढं समोर पालिकेची इमारत आली, जीपीओ आलं, तो सगळा चौक तिच्याभोवती जमला, कारण तिचं दार रस्त्यावर उघडत होतं. नव्या कामाची रंगीत चित्रं मी बघितलीत, छान आहेत, झाडं आहेत, चालणारी माणसं आहेत, चित्रात नेहमीच दुपार असते. मला त्यात रात्रीचा नकाशा हवाय. दुकानं बंद झाल्यावर कुठली दारं उघडी राहणार, लिफ्ट बंद पडली तर कुठल्या एका टेबलावर तक्रार जाणार, आणि फोर्टातलं ऑफिस झाडून, पुसून निघालेली बाई शेवटच्या कर्जत लोकलसाठी धावत आली तर तिला सगळ्यात जवळचा रस्ता उघडा मिळणार का.